ग्रीसचे अवशेष दोघांनी पाहताना: अथेन्स, डेल्फी, ऑलिंपिया, मायसिनी

कार्ले-भाजे, अजिंठा, वेरूळ पाहून तयार झालेली आपली नजर ग्रीसमध्ये पहिल्या दिवशी जरा गोंधळते. कैलास लेणं एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलेलं आहे. त्यात सांधाच नाही, त्यामुळे निखळण्यासारखंही काही नाही. ग्रीक मंदिराचं याच्या नेमकं उलट. ते खाणीतून काढलेल्या सुट्या दगडांचं, चुना न वापरता रचलेलं असतं. सिन्नरचा गोंदेश्वर ज्यांनी बारकाईने पाहिला आहे त्यांना ही कोरडी रचना लगेच ओळखू येईल. भूकंपाने हादरा दिला, छत जळालं, सांध्यातलं लोखंड कुणी उकरून नेलं, की असं मंदिर पुन्हा सुटं होतं आणि त्याचे तुकडे जिथल्या तिथे पडून राहतात. म्हणून ग्रीसमध्ये मूर्ती आणि नक्षी जेवढी पाहावी तेवढाच सांधाही पाहावा. तो वाचता येऊ लागला की पडलेल्या दगडांचा ढीगही कंटाळवाणा वाटत नाही.

दोघांनी जायचं असेल तर मुख्य भूमीवरचा एक वळसा पुरतो: अथेन्समध्ये तीन रात्री, डेल्फीला एक, ऑलिंपियाला एक, नाफ्प्लिओला दोन (तिथून मायसिनी आणि एपिडॉरस पाहायचं) आणि परतीच्या विमानाआधीची एक रात्र पुन्हा अथेन्समध्ये. सँटोरिनी यात नाही, आणि ते मुद्दाम. बेटांवर जाण्यायेण्यात दोन दिवस मोडतात, आणि अवशेषांसाठीच जायचं असेल तर ते दोन दिवस डेल्फी आणि ऑलिंपियाला द्यावेत. बेट हवंच असेल तर मिकोनोसहून डेलोसला जा. बोटीने अर्धा तास लागतो, सोमवारी जागा बंद असते, मुक्कामाला परवानगी नाही, सावली जवळपास नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा जोरदार वारा सुटला की बोटी रद्द होतात, म्हणून डेलोस सहलीच्या शेवटच्या दिवशी कधीच ठेवू नका.

ऋतू निवडताना नुसतं तापमान पाहून भागत नाही, जागा किती वाजता बंद होते हेही पाहावं लागतं. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेर आणि सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरअखेर हे दोन काळ सर्वांत चांगले. उन्हाळ्यात मोठ्या जागा सकाळी 8 ते रात्री 8 उघड्या असतात. सप्टेंबरपासून बंद होण्याची वेळ दर पंधरवड्याला अर्ध्या तासाने अलीकडे येते आणि नोव्हेंबरात ती दुपारी साडेतीन ते पाचच्या आसपास स्थिरावते. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांची इथेच फसगत होते, कारण ‘संध्याकाळी निवांत पाहू’ असं ठरवलेली जागा तेव्हा बंद झालेली असते. शेवटचा प्रवेश साधारण अर्धा तास आधी थांबतो. 1 जानेवारी, 25 मार्च, 1 मे, ऑर्थोडॉक्स ईस्टरचा रविवार आणि 25-26 डिसेंबर या दिवशी सगळंच बंद. ऑर्थोडॉक्स ईस्टर आपल्या कॅलेंडरवर छापलेल्या ईस्टरपेक्षा बहुतेक वर्षी वेगळ्या रविवारी येतो. 2027 साली तो 2 मेला आहे, म्हणजे 1 आणि 2 मे असे लागोपाठ दोन दिवस दारं बंद असू शकतात. महाराष्ट्र दिनाची सुट्टी जोडून जाणाऱ्यांनी हे आत्ताच लिहून ठेवावं.

जून ते ऑगस्ट शक्यतो टाळा. उष्णतेची लाट आली की सरकार अक्रोपोलिस (अथेन्समधली मंदिरांची टेकडी) दुपारी 12 ते 5 बंद ठेवतं, आणि तो निर्णय आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी जाहीर होतो. विदर्भाचा उन्हाळा काढलेल्या माणसालाही पांढऱ्या संगमरवरावरून उलटून येणारं ऊन सोसत नाही, कारण ते डोळ्यांत खालून शिरतं.

आता तिकिटं. एप्रिल 2025 पासून दर बदलले आहेत. अक्रोपोलिस माणशी 30 युरो, आणि अगोरा (अथेन्सचा प्राचीन बाजारचौक), डेल्फी, ऑलिंपिया, मायसिनी, एपिडॉरस या मोठ्या जागा साधारण 20 युरोच्या घरात. अथेन्समधल्या अनेक जागांचं मिळून जे एकत्र तिकीट पूर्वी मिळायचं ते बंद झालं आहे. जुन्या प्रवासवर्णनांत त्याचा सल्ला अजून दिसतो, तो सोडून द्या. या सहा जागांचे दोघांचे मिळून 260 युरो धरा, शिवाय अक्रोपोलिस संग्रहालय आणि राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय यांची वेगळी तिकिटं. तिकीट ग्रीक संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत ई-तिकीट संकेतस्थळावरूनच काढा. शोधयंत्रात वरती झळकणारी बरीच पानं दलालांची असतात आणि त्याच तिकिटाला जास्त पैसे लावतात. अक्रोपोलिसला तासाची वेळ ठरवून घ्यावी लागते. दिवसाला 20,000 माणसांची मर्यादा 2023 च्या सप्टेंबरपासून लागू आहे आणि सकाळी 8 ची वेळ सगळ्यांत आधी संपते. ठरल्या वेळेच्या फार मागेपुढे पोहोचलात तर दारावर अडवतात. तिकीट परत होत नाही, म्हणून क्रम असा ठेवा: आधी व्हिसा, मग लगेच अक्रोपोलिसची वेळ, आणि बाकीच्या जागांचं नंतर. त्या आयत्या वेळीही मिळतात.

व्हिसा शेंगेनचा. प्रौढांना 90 युरो शुल्क, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नवरा-बायको एकत्र गेले तरी अर्ज दोन असतात, आणि दोन्हींत मुक्कामाच्या तारखा अक्षरशः सारख्या असाव्या लागतात. हॉटेलच्या बुकिंगवर एकाचंच नाव येऊन दुसऱ्याच्या अर्जाला पुरावा उरत नाही, ही नेहमीची चूक. बुकिंग करतानाच दोन्ही नावं पासपोर्टप्रमाणे घालून घ्या. आडनावं वेगळी असतील तर विवाह नोंदणीचा दाखला जोडलेला बरा.

सामानात तीन गोष्टींवर तडजोड करू नका. पहिली, खाचदार रबरी तळाचे बूट. अक्रोपोलिसच्या चढावरचा खडक आणि पायऱ्या अडीच हजार वर्षांच्या वर्दळीने इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की कोरड्या दिवशीही पाय सटकतो, आणि पाऊस पडून गेल्यावर तर कठड्याकडेनेच चालावं. उंच टाचांना या जागांवर 2009 पासून बंदी आहे, कारण टोकदार टाचेखाली संगमरवराचे टवके उडतात. दुसरी गोष्ट, आठपट मोठं दाखवणारी छोटी दुर्बीण, दोघांत एक. छज्ज्याखालचं कोरीवकाम जमिनीपासून दहा-बारा मीटर उंच असतं आणि फोनच्या कॅमेऱ्यात त्याचा नुसता धूसर पट्टा येतो. तिसरी, माणशी एक लिटर पाणी. अथेन्सच्या नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घेत राहा.

आणि हो, प्री-वेडिंग किंवा लग्नाच्या वाढदिवसाचं खास चित्रीकरण मनात असेल तर आधीच समजून घ्या. व्यावसायिक छायाचित्रणाला मंत्रालयाची परवानगी लागते, ट्रायपॉड आणि ड्रोन चालत नाहीत, आणि संग्रहालयात मूर्तीशेजारी तिच्यासारखाच आव आणून उभं राहिलं तर पहारेकरी तिथल्या तिथे हटकतात. जमिनीवरचं खापर उचलून खिशात टाकणं हा तिथे गुन्हा आहे, ते कितीही बारीक असो.

अथेन्समध्ये पहिल्याच सकाळी अक्रोपोलिसवर धाव घेऊ नका. आधी खाली प्राचीन अगोरात हेफेस्टसचं मंदिर पाहा. डोरिक पद्धतीचं इतकं शाबूत मंदिर ग्रीसमध्ये दुसरं नाही, कारण सातव्या शतकाच्या आसपास त्याचं चर्च झालं आणि ते वापरात राहिलं. पूर्ण उभं मंदिर कसं दिसतं हे एकदा डोळ्यांत बसलं की अक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन मंदिरात काय नाही ते कळतं. इथे अर्धा तास शांतपणे खालून वर वाचा. तीन पायऱ्या, त्यांवर बैठक नसलेले थेट उभे खांब, खांबाला 20 पन्हळी. (24 पन्हळी आणि खाली गोल बैठक दिसली तर ती आयोनिक पद्धत.) खांबांवर तुळई, आणि तुळईवर आलटून पालटून तीन उभ्या पट्ट्यांचा ठोकळा आणि कोरलेला चौकोन. त्या उभ्या पट्ट्यांच्या ठोकळ्याखाली सहा बारीक दगडी बोंडं लोंबतात, ती नीट पाहा. दगडात त्यांचं काहीच काम नाही. लाकडी बांधकामातल्या तुळयांची टोकं आणि खुंट्या दगडात उतरवल्या आहेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. भाज्याच्या चैत्यगृहात कातळात लाकडी बांधणीची नक्कल केलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. आणि संबंध एवढ्यावर संपत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट इथल्या यवनांनी (तेव्हा ग्रीकांना हा शब्द वापरत) दिलेल्या दानाचे लेख कोरलेले आहेत. दगडातलं लाकूड पाहणाऱ्या माणसांची ये-जा त्या काळीही चालू होती.

अगोरातली अटॅलॉसची लांबलचक ओसरी 1950 च्या दशकात पुन्हा उभारलेली आहे. आतल्या छोट्या संग्रहालयात ज्यांवर नाव खरडून माणसाला दहा वर्षं शहराबाहेर घालवायचे ती खापरं आहेत. अथेन्सचा सेनापती थेमिस्टोक्लीस याचं नाव त्यांवर शोधा.

दुसऱ्या सकाळी अक्रोपोलिस. दारं दोन: पश्चिमेचं मुख्य आणि अक्रोपोली मेट्रो स्थानकाजवळचं दक्षिणेचं. दक्षिणेच्या दारावर रांग सहसा लहान असते. आत शिरल्यावर डायोनिससचं रंगमंदिर लगेच लागतं, पण सकाळी तिथे थांबू नका, ते उतरताना पाहता येईल. सरळ वर चढा, म्हणजे पहिला तासभर माथा त्यातल्या त्यात मोकळा मिळतो. चालण्याची अडचण असेल तर उत्तरेच्या कड्यावर लिफ्ट आहे, तिची चौकशी आधी करून ठेवा.

प्रोपिलाया, म्हणजे वरचं भव्य प्रवेशद्वार, घाईने ओलांडलं जातं. ते इ.स.पू. 437 मध्ये सुरू झालं आणि पुढच्या पाच वर्षांत, पेलोपोनीशियन युद्धाच्या तोंडावर, अर्धवट थांबलं. त्याच्या काही भिंतींवर दगडांतून मुठीएवढे उंचवटे बाहेर आलेले दिसतात. दगड उचलताना दोर अडकवायला ते ठेवत आणि शेवटी तासून टाकत. इथे तासायचं राहून गेलं. इमारत कशी बांधली हे सांगणारी यापेक्षा स्पष्ट खूण सगळ्या अक्रोपोलिसवर नाही.

द्वारातून बाहेर पडल्यावर समोर येते ती पार्थेनॉनची मागची बाजू. बहुतेक लोक तिथेच फोटो काढून वळतात. मंदिराचं तोंड पूर्वेला आहे, तेव्हा उत्तरेच्या बाजूने पूर्ण वळसा घाला. रुंदीकडे 8 आणि लांबीकडे 17 खांब, बांधकाम इ.स.पू. 447 ते 438, कोरीवकाम 432 पर्यंत. उत्तरेच्या बाजूने जाताना कोपऱ्याशी थांबून सगळ्यात वरच्या पायरीच्या रेषेवर नजर लावा, अर्थात दोरीच्या बाहेरूनच. ती पायरी सरळ नाही. सुमारे 70 मीटर लांबीत ती मध्यभागी साधारण 11 सेंटीमीटरनी वर उचललेली आहे, आणि अरुंद बाजूला सुमारे 6 सेंटीमीटरनी. खांबही किंचित आत झुकलेले आणि मध्ये जरासे फुगीर आहेत. म्हणजे यात साच्यातून काढल्यासारखे दोन दगड मिळणं कठीण. प्रत्येक दगड त्याच्या एकाच जागेसाठी घडवलेला. दुरुस्ती करणाऱ्यांचं काम इतकं सावकाश चालतं ते यामुळेच.

त्या दुरुस्तीची गोष्ट समजली नाही तर क्रेन आणि परांच्यांबद्दल उगाच चिडचिड होते. मूळ बांधणीत शेजारशेजारचे दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडून त्यांभोवती शिसं ओतलं होतं. शिशामुळे लोखंडाला हवा-पाणी लागलं नाही आणि ते गंजलं नाही. 1687 मध्ये व्हेनिसच्या सैन्याचा गोळा आत साठवलेल्या तुर्कांच्या दारूगोळ्यावर पडला आणि मंदिराचा मधला भाग उडाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे तुकडे परत चढवले त्यांत उघडं लोखंड वापरलं गेलं. ते गंजलं, फुगलं आणि त्याने आतून संगमरवर फोडला. 1975 पासून चाललेल्या कामात ते लोखंड काढून टायटॅनियमच्या सळ्या घालतात, आणि जिथे तुकडाच नाही तिथे त्याच पेंटेली डोंगराचा नवा संगमरवर बसवतात. नवा पांढराशुभ्र दिसतो. जुना मधासारखा पिवळसर, कारण दगडातल्या लोहाचा अंश हवेने रंग धरतो. एकाच खांबावर ही दोन रंगांची जुळणी कुठे होते ते दुर्बिणीतून पाहा, सांध्याची वेडीवाकडी कड स्पष्ट दिसते.

पार्थेनॉनजवळच्या एरेक्थिऑन मंदिराच्या ओसरीतल्या, छत पेलणाऱ्या सहा स्त्रीमूर्ती सगळ्या प्रतिकृती आहेत. मूळच्या पाच खाली संग्रहालयात, एक लंडनला. संग्रहालय 2009 चं, आणि ते माथा पाहून झाल्यावरच पाहावं. वरच्या मजल्याचं दालन पार्थेनॉनला समांतर फिरवलेलं आहे आणि त्या मंदिराच्या कोरीव चित्रपट्टिकेचे दगड त्यांच्या मूळ क्रमाने, पण डोळ्यांच्या पातळीवर लावले आहेत. तिथे पिवळसर दगड मूळचे आणि पांढरे प्लास्टरचे तुकडे परदेशी गेलेल्यांचे. एरेक्थिऑनच्या त्या स्त्रीमूर्तींच्या पाठीवरच्या वेण्या पाहायला विसरू नका. त्या जाड वेण्या मानेला आधार देतात. डोक्यावर छत पेलायचं तर बारीक मान टिकली नसती.

राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाचं गणित उलटं आहे. मायसिनीच्या थडग्यांतलं बहुतेक सोनं तिथे आहे, त्यामुळे ते मायसिनीला जाण्याआधी पाहायचं. मंगळवारी ते दुपारनंतर उघडतं.

गाडी अथेन्स सोडताना घ्या, शहरात चालवू नका. भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो नसला तर काउंटरवरच गाडी नाकारतात आणि आगाऊ भरलेले पैसे जातात. अनामत रक्कम चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डवर अडकवतात. बायको चालवणार आणि कार्ड नवऱ्याचं, असं असेल तर घोळ होतो. ऑटोमॅटिक गाड्या कमी आणि महाग, त्या लवकर राखून ठेवा. रस्त्याची उजवी बाजू धरायची, त्यामुळे पहिला दिवस शेजारी बसलेल्याने नकाशापेक्षा प्रत्येक वळणावर ‘उजवीकडे’ म्हणण्याचं काम करावं.

डेल्फी अथेन्सपासून सुमारे 180 किलोमीटर, अडीच तास. लोक एका दिवसात जाऊन येतात आणि साडेदहाच्या सुमारास सगळ्या बस एकदम पोहोचतात. मुक्काम केलात तर सकाळी 8 ते साडेदहा हा वेळ तुमचा. वाट खालून वर नागमोडी चढते: खजिनागृहं, अपोलोचं मंदिर, रंगमंदिर, आणि सगळ्यांत वर धावण्याचं मैदान. वरच्या कड्यावरून दगड कोसळण्याचा धोका असला की मैदान बंद ठेवतात, तेव्हा ते नाही मिळालं तर नाराज होऊ नका.

मंदिराच्या चौथऱ्याखालची मोठी भिंत मात्र चुकवू नका. इ.स.पू. सहाव्या शतकातली ही भिंत वेड्यावाकड्या, कडा वळवलेल्या दगडांची आहे, आणि दोन दगडांमध्ये नख शिरत नाही. जवळ जाऊन पाहिलं तर बऱ्याच दगडांवर बारीक अक्षरं आहेत. शेकडो गुलामांच्या मुक्ततेचे हे लेख. गुलाम देवाला विकला असं कागदोपत्री दाखवून त्याला मोकळं करत, आणि पुढे कुणी हक्क सांगू नये म्हणून व्यवहार दगडावर कोरत. सकाळच्या तिरप्या उन्हात ही अक्षरं उठून दिसतात, दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात जवळजवळ मिटतात. इथल्या अपोलोच्या मंदिरात होणाऱ्या भविष्यवाणीच्या गोष्टी सगळे सांगतात, या भिंतीपाशी फार कमी लोक थांबतात. डेल्फीत आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची जागा हीच.

संग्रहालय शेजारीच. शेवटच्या दालनातला काशाचा सारथी 1896 मध्ये सापडला. त्याच्या पायांकडे पाहा. मूळ रचनेत ते रथाच्या पेटीत झाकले जाणार होते, तरी बोटं आणि शिरा पूर्ण घडवल्या आहेत. अथेनियन खजिनागृहाच्या भिंतीवरचे दगडही इथे आणून ठेवलेत. त्यांवर अपोलोची स्तोत्रं शब्दांवर सुरांच्या खुणांसह कोरलेली आहेत. बाहेर पडलात की रस्त्याने पूर्वेला साधारण किलोमीटरभर चालून अथीना प्रोनाइया देवीच्या आवारात उतरा. छायाचित्रांत दिसणारं तीन खांबांचं गोल मंदिर तिथे आहे, मुख्य आवारात नाही. अनेक जण ते शोधत शोधत परत जातात.

डेल्फी ते ऑलिंपिया चार तासांचा रस्ता: इतेआ, नाफ्पाक्टोस, मग 2004 चा रिओ-आंटिरिओ पूल, पात्रा आणि पिर्गोस. पुलाचा टोल नेहमीच्या टोलपेक्षा बराच जड आहे. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. थकलेल्या डोळ्यांना ऑलिंपिया म्हणजे झाडांखालचे दगड, एवढंच दिसतं.

ऑलिंपियात झ्यूसच्या मंदिराचे खांब इसवी सनाच्या सहाव्या शतकातल्या भूकंपांत पडले तसेच पडून आहेत. खांबांच्या गोल दगडी चकत्या एकामागोमाग एक घसरलेल्या, आणि शेजारी 2004 मध्ये पुन्हा उभा केलेला एकच खांब. पडलेल्या चकतीच्या मधोमध चौकोनी खाच शोधा. तिच्यात लाकडी खुंटी बसायची आणि वरची चकती तिच्याभोवती अचूक मध्यावर येऊन टेकायची. मग हात न लावता दगड जवळून पाहा: त्यात शिंपल्यांचे तुकडे खच्चून भरले आहेत. हा संगमरवर नव्हेच, जवळपासचा शिंपलेरी चुनखडक आहे. त्यावर पांढरा गिलावा देऊन तो संगमरवरासारखा केला होता. जिथे गिलावा चिकटून राहिला आहे ते ठिपके अजून सापडतात.

हेराच्या मंदिराचे खांब एकमेकांशी जुळत नाहीत: जाडी वेगळी, माथे वेगळे. मूळ खांब लाकडी होते आणि जसजसे कुजले तसतसे एकेक करून त्या त्या काळच्या पद्धतीने दगडी बसवले, असं समजतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आलेल्या पॉसेनियस या ग्रीक प्रवाशाने त्यातला एक ओकचा खांब तेव्हाही उभा असल्याचं लिहून ठेवलं आहे. ऑलिंपिक ज्योत आजही याच मंदिरापुढे आरशाने पेटवतात. पुढे कमानीतून मैदानात जाता येतं. धावपट्टी 192.27 मीटर, सुरुवातीच्या दगडी पट्टीत बोटं रोवायच्या दोन खाचा. पंचेचाळीस हजार माणसं बसायची ती उतारावर, मातीतच. विवाहित स्त्रियांना खेळ पाहायला बंदी होती. अपवाद डिमीटर देवीच्या पुजारणीचा, तिचं आसन पंचांच्या समोरच्या उतारावर अजून आहे. संग्रहालयाला दोन तास द्या. अथेन्सचा सेनापती मिल्टिआडीस याने देवाला वाहिलेलं, त्याचं नाव कोरलेलं शिरस्त्राण तिथे आहे.

नाफ्प्लिओ हे मायसिनी आणि एपिडॉरस या दोन्हींसाठी सोयीचं ठाणं. दोन्हीकडे अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येतं.

मायसिनीला अट्रेयसचा खजिना नावाचं घुमटाकार थडगं किल्ल्याच्या अलीकडे, रस्त्यालगत वेगळ्या फाटकात आहे. तिकीट एकच, ते जपून ठेवा. आत घुमट सुमारे साडेतेरा मीटर उंच. खरी कमान नाही, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला. दारावरचा आतला दगड सुमारे 120 टनांचा मानतात, आणि तो एवढा भार सोसतो कारण त्याच्यावर त्रिकोणी पोकळी ठेवून वजन दोन्ही बाजूंना वळवलं आहे. मग वर सिंहद्वारापाशी या. तिथेही तोच त्रिकोण आहे, फक्त तो सिंहांच्या पातळ शिळेने झाकला आहे. हे इ.स.पू. 1250 च्या सुमाराचं. आधी थडगं आणि मग द्वार असा क्रम ठेवला तर ही युक्ती आपोआप कळते. किल्ल्याच्या टोकाला जमिनीखालच्या टाक्याकडे जाणाऱ्या पायऱ्या काळोख्या आणि ओलसर असतात. उघड्या असतील तर बॅटरी घेऊन, एकाने वर थांबून, दुसऱ्याने उतरावं.

एपिडॉरसचं रंगमंदिर 55 ओळींचं. नाण्याचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत जातो असं गाइड सांगतात. 2017 साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी मोजून पाहिलं, तेव्हा वरपर्यंत काहीतरी वाजल्याचं कळत होतं, पण ते नाणं आहे हे निम्म्या उंचीपर्यंतच ओळखता येत होतं. इथे दोघं असण्याचा खरा उपयोग होतो. एकाने मधल्या गोल दगडावर उभं राहून साध्या आवाजात, सलग दोन-तीन वाक्यं बोलावीत. टाळी नको, टाळीवरून काहीच कळत नाही. दुसऱ्याने ओळी चढत जावं आणि शब्द कुठे तुटू लागतात ते पाहावं. मग अदलाबदल. हे सकाळी 8 लाच जमतं. नऊनंतर गटांचे गाइड रांगेने टाळ्या वाजवतात. रंगमंदिर पाहून तसेच परतू नका, आरोग्याचा देव अॅस्क्लेपियस याचं आवार पलीकडेच आहे. रुग्ण स्वप्नात देव दिसावा म्हणून जिथे झोपत ती ओसरी, आणि बरे झालेल्यांचे अनुभव कोरलेल्या शिळा संग्रहालयात.

शाकाहारी मंडळींसाठी थोडंसं. खानावळीत मोठ्या पांढऱ्या घेवड्याचं ‘गिगांडेस’, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचा ‘फावा’, वांगी-बटाट्याचं ‘ब्रिआम’ आणि उकडलेली रानभाजी ‘होर्ता’ सर्वत्र मिळतात. भरली टोमॅटो-मिरची ‘गेमिस्ता’ मात्र विचारून घ्या, कधीकधी आत खिमा असतो. ‘होरिस क्रेआस’ म्हणजे मांसाशिवाय. उपवासाचं म्हणून ‘निस्तीसिमो’ दिलं तर त्यात दूध-अंडं नसतं, पण माकूळ, ऑक्टोपस, कोळंबी चालते. त्यामुळे फक्त त्या शब्दावर विसंबू नका.

अथेन्सला परतायच्या दिवशी प्राचीन कोरिंथ वाटेवरच आहे. तिथल्या अपोलोच्या मंदिराचे सात खांब उभे आहेत, इ.स.पू. 540 च्या सुमाराचे, आणि त्यांत चकत्या नाहीत. प्रत्येक खांब सात मीटरहून उंच असा एकसंध दगड. तासभर पुरे. कोरिंथच्या कालव्यावरच्या पुलावर दहा मिनिटं थांबून थेट विमानतळावर जा आणि गाडी तिथेच परत करा. शहरातल्या शाखेत करू नका, संध्याकाळच्या वाहतुकीत तो पत्ता शोधण्यात तास जातो. मग मेट्रोने शहरात.